मयत इसमाचा रहिवास परवाना

रविवार, २६ जुलै १९६४

ज्या माणसाचं श्राद्ध आपल्या घरी दर वर्षी होतं, तो हातात ट्रंक घेऊन दारात उभा राहिला तर त्याला काय म्हणायचं? आज सकाळी मी "कोण पाहिजे?" असं विचारलं, आणि त्याची आता लाज वाटते आहे.

माझे चिक्कप्पा, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ खंडोजीराव, १९३८ मध्ये रंगूनला गेले. तिथल्या रेल्वेच्या गणवेश खात्यात ते कटर होते. लढाईत, बेचाळीसच्या बॉम्बमध्ये गेले, असं आम्हाला माहीत होतं. आजोबा वारले त्या वर्षी, म्हणजे पन्नास साली, आमच्या घरच्या पुरोहितांनी, भीमाचार्यांनी, चिक्कप्पांच्या नावानं दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी दिला. मी नऊ वर्षांची होते. तेराव्याला वडे होते एवढंच आठवतं.

तो दर्भाचा माणूस आज आमच्या पडवीत बसून इडली खात होता.

आत्यानं आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पावलं सरळ आहेत याची खात्री झाल्यावर तिनं पाठीत एक धपाटा घातला आणि मग रडायला लागली. "मेल्या, इतकी वर्षं कुठं होतास?"

"अक्का, मेला म्हणतेस तर इतकी वर्षं कुठं होतो ते तुलाच ठाऊक," चिक्कप्पा म्हणाले.

अप्पा दुकानातून आले. गळ्यात टेप तसाच. भावाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "किती दिवस?" आनंदाच्या धक्क्यात माणूस काहीही बोलतो.

सोमवार, २७ जुलै

चिक्कप्पांचे कागद पाहिले. आमच्या घरात असले कागद वाचू शकणारी मी पहिलीच. अप्पांचं शिक्षण चौथीपर्यंत, आत्याचा अंगठा. मी बी.ए. झाले आणि के. आर. पुरमजवळच्या कारखान्यात लागले तेव्हा अप्पा म्हणाले होते, "आता घरात एक माणूस तरी सरकारशी सरळ बोलेल." कारखान्यात सहा जर्मन इंजिनियर आहेत. त्यांचे पासपोर्ट, पोलिसांकडची नोंदवही, व्हिसाच्या मुदती, सगळं माझ्या कपाटात असतं. मला कलमं पाठ आहेत. त्यामुळे चिक्कप्पांचं काम पंधरा दिवसांत होईल असं मी छातीठोक सांगितलं.

गुंता असा आहे. चिक्कप्पा भारताचे नागरिक नाहीत. एकोणपन्नास साली रंगूनमध्ये फर्मान निघालं की परदेशी नोकरांनी दर वर्षी परवाना काढायचा, आणि नोकर कमी करायची वेळ आली की आधी परदेशी कमी होणार. चिक्कप्पांनी ब्रह्मदेशाचं नागरिकत्व घेतलं. "पोटासाठी एक कागद बदलला, पुट्टी. अंगावरचा सदरा बदलावा तसा." (पुट्टी म्हणजे कानडीत छोटी. मला ते तेच म्हणतात.) आता तिथल्या नव्या सरकारनं आमच्या लोकांना निघायला सांगितलं. धक्क्यावर बोटातली अंगठीसुद्धा काढून घेतली आणि परत न येण्याचा शिक्का मारला. मद्रासला उतरले तेव्हा भारताचा तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला. मुदत २० ऑक्टोबर. त्यावर आणखी एक शिक्का: नोकरी अगर धंदा करण्यास मनाई.

म्हणजे बेंगळूरात, चामराजपेटच्या याच घरात जन्मलेला माणूस इथं परदेशी, आणि जिथला नागरिक झाला तिथंही परका.

सोमवार, ३ ऑगस्ट

आज परदेशी म्हणून चिक्कप्पांची नोंदणी करायला पोलिसांच्या कचेरीत गेलो. दर महिन्याला मी तिथं जर्मनांच्या वह्या घेऊन जाते. हेडक्लार्क उठून खुर्ची देतात, कॉफी मागवतात, "साहेबांना उटी आवडलं का?" असं विचारतात. गेल्या महिन्यात एक साहेब न कळवता वीस दिवस बाहेर राहिला, तेव्हा नुसते हसले होते.

आज मी खुर्चीत बसले आणि माझे चिक्कप्पा जाळीबाहेर उभे राहिले. दोन तास. शेवटी मीही उठून जाळीबाहेर जाऊन उभी राहिले.

"नोंदणीला एक दिवस उशीर," हेडक्लार्क चिक्कप्पांवर ओरडले. "काल रविवार होता म्हणे! तुमच्या देशात रविवारी कायदा झोपतो का?"

"साहेब, माझा देश कुठला ते ठरवायलाच तर आलोय," चिक्कप्पा कानडीत म्हणाले. स्वच्छ बेंगळूरची कानडी, हेडक्लार्कपेक्षा जुनी.

मी विचारलं, जर्मनांना एक नियम आणि यांना दुसरा कसा? तर हळू आवाजात म्हणतात, "अम्मा, तुमचे जर्मन वेगळे, हे वेगळे. जर्मन परत जातात."

मी पाच वर्षं नागरिकशास्त्र शिकले. हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

मार्ग मात्र कळला. जन्म इथला आहे हे सिद्ध झालं तर राहण्याची मुदत वाढते, नोकरीची मनाई उठते आणि पुढे नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. जन्माचा पुरावा आणि जवळच्या नातेवाइकाचं शपथपत्र हवं. अप्पा सख्खे थोरले भाऊ. आणखी काय पाहिजे?

रविवार, ९ ऑगस्ट

दुकानात बटणांची एक लाखेची डबी असते, काळ्या-सोनेरी नक्षीची. चिक्कप्पांनी ती उचलली आणि त्यांचा चेहरा उजळला. "पोचली तर! सत्तेचाळीसला पाठवली होती, दिवाळीला."

अप्पा मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "ही चिकपेठेत घेतली मी."

चिक्कप्पांनी डबी उलटी करून तळ पाहिला, पुन्हा सरळ केली आणि जागेवर ठेवली. वय झालंय, साल विसरत असतील. लढाईच्या आधी पाठवली असेल. ते म्हणतात, दर दिवाळीला पत्र टाकत होतो. एकही आलं नाही. ब्रह्मदेशाचं टपालखातं काय लायकीचं असेल याची कल्पना येते.

शेजारचे पिराजी कुंपणावरून विचारत होते, पाहुणे कोण? अप्पा म्हणाले, "मद्रासकडचे." हे मला आवडलं नाही. पोलिसांच्या चौकशा असल्यामुळे अप्पा जपून बोलत असावेत.

शनिवार, २२ ऑगस्ट

राजाजीनगरात शर्टांचा एक नवा कारखाना निघाला आहे. मालकानं चिक्कप्पांना एक थान दिलं आणि खडूचा तुकडा. चिक्कप्पांनी न मोजता अठरा शर्ट बेतले, चिंधीसुद्धा उरली नाही. मालक म्हणाला, परवानगीचा कागद आणा, त्या दिवशी कामावर या. येताना चिक्कप्पा बसमध्ये गुणगुणत होते. "पुट्टी, माणसाला जेवणाआधी काम लागतं. उलटं सांगणाऱ्यांनी कधी काम केलेलं नसतं."

जन्माच्या नोंदीत शोध घेतला. सापडली! १९१८, चामराजपेट, बाप संताजीराव, "पुरुष अपत्य". नाव नाही. तेव्हा नाव लिहीतच नसत. ते पुरुष अपत्य म्हणजेच खंडोजीराव, हे नातेवाइकानं सांगायचं. म्हणून अप्पांची सही अधिकच जरूर.

मी एक पाऊल पुढे गेले. आजोबांच्या पश्चात घराचं खातं, म्हणजे मालकीची नोंद, अप्पांच्या नावावर झाली, तेव्हा तिथल्या कचेरीला वंशवृक्ष दिला असणारच. त्यात दोन्ही मुलांची नावं असतील. मी अर्जात लिहून टाकलं की हा वंशवृक्ष मागवून खात्री करून घ्यावी. अप्पांना अभिमानानं सांगितलं.

"ते कशाला लिहिलंस?" अप्पा एकदम म्हणाले. "जुनी दप्तरं. वाळवी लागलेली असते. दोन-दोन महिने लावतात."

"लावू देत. सरकारी कागद खोटं बोलत नाही."

अप्पांच्या मशीनमध्ये दोरा अडकला. आजवर कधी अडकलेला मी पाहिला नव्हता.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

अप्पांची सही अजून नाही. आधी श्रावण होता, मग हात दुखत होता, मग गौरी-गणपतीचे कपडे. आज मी शपथपत्र त्यांच्यासमोर मशीनवर ठेवलं तर त्यावर कापड पसरून शिवायला लागले! मी खूप बोलले. भाऊ म्हणजे काय, देश म्हणजे काय, सगळं बोलले. आत्या आतून ओरडली, "स्वल्प हळू, पिराजीची भिंत पातळ आहे." मला अप्पांचा इतका राग कधी आला नव्हता. आळस! निव्वळ आळस!

सोमवार, ५ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावास्या

आज जे झालं त्यावर हसावं की डोकं आपटावं कळत नाही.

भीमाचार्य पिंड मांडायला आले. दर वर्षीप्रमाणे नावं विचारली. आजोबा, आजी, आई. मग सवयीनं म्हणाले, "आणि रंगूनचे खंडोजी." कोपऱ्यात बसलेले चिक्कप्पा म्हणाले, "हजर!"

आचार्यांच्या हातातले तीळ सांडले. त्यांचं वय ऐंशीच्या घरात. चष्मा लावून पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "याला पिंड देता येत नाही. आणि असाच ठेवताही येत नाही. दहन झालेला माणूस परत आला तर शास्त्राप्रमाणे त्याला तुपानं न्हाऊ घालून पुन्हा जातकर्म करायचं. त्याशिवाय हा घरात बसलेला असला तरी प्रेतच."

"म्हणजे मला पाळण्यात घालणार?" चिक्कप्पा म्हणाले.

"पाळणा मोडेल," आत्या म्हणाली. "आणि नाव काय ठेवू?"

मी म्हटलं, आचार्य, ते जातकर्म झाल्याचा कागद द्याल का? पोलिसांना जन्माचा पुरावाच हवा आहे! सगळे हसलो. अप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "काही करायला नको. गल्लीत बोभाटा होईल."

जाताना दारात आचार्य मला म्हणाले, "बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते, मुली. बेचाळीसपासून पन्नासपर्यंत आठच होतात. मी सांगितलं होतं तुझ्या अप्पाला, रघुजीला. त्याला घाई होती."

"कसली घाई?"

"मी खोटं सांगणार नाही. आणि मी केलेल्या दहनाबद्दल कुणी विचारलं नाही तर सांगणारही नाही. घाई कसली होती ते मात्र रघुजीलाच विचार."

गुरुवार, ८ ऑक्टोबर

कचेरीत बोलावलं. हेडक्लार्कांनी कॉफी मागवली नाही. घराच्या खात्याची नोंद ठेवणाऱ्या कचेरीकडून उत्तर आलं आहे. मी मागवलेलं उत्तर.

वंशवृक्ष, १९५०. संताजीराव. त्यांची मुलं: रघुजीराव, रत्नाबाई (विधवा), खंडोजीराव (मयत, रंगून, १९४२, निपुत्रिक). खाली अप्पांची सही. साक्षीला आत्याचा अंगठा.

"अम्मा, मयत इसमाला रहिवास परवाना कसा द्यायचा? आमच्याकडे तसा फॉर्म नाही," हेडक्लार्क म्हणाले. शेजारचे दोन कारकून हसले.

मग मात्र त्यांनी चष्मा काढला. "हे पाहा, मृत्यूची माहिती खोटी असेल तर ती कोणी दिली, हे शपथेवर लिहून आणा. नाहीतर हा माणूस तोतया ठरेल. वीस तारखेनंतर मला त्याला आत घ्यावं लागेल. पाठवू तरी कुठं? तिकडून घेत नाहीत."

सरकारी कागद खोटं बोलत नाही असं मीच म्हटलं होतं.

रविवार, ११ ऑक्टोबर

तीन दिवस अप्पांशी बोलले नाही. आज दुकान बंद असताना विचारलं.

अप्पांनी स्वतःच्या ट्रंकेतून पत्रं काढली. सात पत्रं. सगळी वाचलेली, घड्या झिजलेल्या.

"एकोणपन्नासच्या पत्रात त्यानं लिहिलं, मी इथला नागरिक झालो," अप्पा म्हणाले. "पुढच्या वर्षी बाबा गेले. खातं बदलायचं होतं. अर्जनवीस म्हणाला, एक वारस परदेशी आहे असं लिहिलंस तर त्याचा हिस्सा सरकार ताब्यात घेईल. पाकिस्तानात गेलेल्यांचं काय झालं ते पेपरात येत होतं. अर्ध्या घरात सरकार येऊन बसलं असतं. मेलेल्याचा हिस्सा कुणी मागत नाही, म्हणाला."

"आणि तुम्ही भावाला मारून टाकलंत!"

"कागदावर."

"दर्भावरसुद्धा! आणि पत्राला उत्तर नाही, दर वर्षी पिंड!"

"उत्तर दिलं असतं तर तो आला असता." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अठ्ठावन्न साली मागची खोली आणि विहीर पिराजीला विकली. एकटाच मालक होतो म्हणून विकता आली. तुला कॉलेजात घालायचं होतं."

हे लिहिते आहे त्या टेबलाच्या मागे पिराजींची भिंत आहे. मी बी.ए. झाले ती या भिंतीपलीकडच्या जागेवर. राग कुणाकुणाचा करू ते सुचत नाही. अर्जनवीसाचा, कचेरीचा, रंगूनच्या फर्मानाचा, अप्पांचा. माझाही, कारण मी पदवीदानाच्या दिवशी काळ्या झग्यात फोटो काढून घेतला आणि तो भिंतीवर लावला.

अप्पा सही करणार नाहीत. केली तर चौदा वर्षांपूर्वीची सही खोटी ठरते, आणि त्याला शिक्षा आहे.

बुधवार, १४ ऑक्टोबर, आयुधपूजा

मशीनला हार, टेपला कुंकू. अप्पांनी आजोबांची मोठी कात्री पूजेतून उचलली आणि चिक्कप्पांच्या हातात दिली. चिक्कप्पांनी ती कपाळाला लावली.

मला वाटलं, आता सही करतील. अप्पा जेवून झोपले.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

चिक्कप्पा ट्रंक भरत होते. मद्रासच्या छावणीत जातो म्हणाले, तिथं आमच्यासारखे हजारो आहेत, गर्दीत कोण विचारतो.

"तिथंही वीस तारखेनंतर पकडतील."

"पकडू देत. पुट्टी, माझ्या थोरल्या अण्णाला तुरुंगात घालून मला भारताचा नागरिक व्हायचं नाही."

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं?"

"डबीच्या तळाला मी स्वतः खिळ्यानं 'रघू' असं कोरलं होतं. पंधरा दिवसांतच कळलं." ते हसले. "त्याचीही बाजू आहे. भित्रा होता लहानपणापासून. मी झाडावर चढायचो, तो खाली उभा राहून रडायचा."

मी ओरडले. म्हटलं, तुम्ही दोघे भाऊ एकमेकांना जपा आणि खोट्यालाही जपा! आणि राजाजीनगरातली नोकरी? ते अठरा शर्ट? तुम्ही चोर आहात का गर्दीत लपायला? ट्रंकेची किल्ली घेतली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. एवढंच सुचलं.

शनिवार, १७ ऑक्टोबर

मी शपथपत्राचा मसुदा करत होते. आत्या शेजारी येऊन बसली. "काय लिहितेस ते मराठीत वाच."

मी वाचलं. ती मध्येच म्हणाली, "थांब. पन्नास साली रघूनं माझा अंगठा घेतला तेव्हा कुणी वाचून दाखवलं नव्हतं. खातं बदलायचंय म्हणाला. सरी, बरं म्हटलं."

"आत्या, तू घाबरू नकोस. तुला ठाऊक नव्हतं असं मी लिहीन."

"घाबरत नाही गं. त्या कागदावरचा अंगठा माझा, आणि या कागदावरचाही माझाच लागेल. दोन्ही ताडून बघ म्हणावं. पुढे वाच."

पुढे मी लिहिलं होतं, 'गैरसमजातून दिलेली माहिती'. आत्या म्हणाली, "हे काढ. रघूला गैरसमज नव्हता. भीती होती."

"शपथपत्रात भीती लिहिता येत नाही, आत्या."

"मग जे झालं तेवढंच लिही. गोड करू नकोस."

मी तो शब्द खोडला. अप्पांना वाचवण्यासाठी घातला होता, हे मला खोडतानाच कळलं.

रविवार, १८ ऑक्टोबर

अप्पांना सांगितलं. पाठीमागून काही करायचं नव्हतं. ते एक गळा शिवत होते. तो पूर्ण केला, दोरा दातानं तोडला.

"पत्रं घेऊन जा," म्हणाले. "तारखा लागतील."

नंतर ते बराच वेळ जिन्यावर बसून होते. चिक्कप्पा जाऊन त्यांच्या शेजारी बसले. दोघे काय बोलले ते मी ऐकलं नाही. माझा राग अजून आहे. तो कमी व्हावा असं मला वाटत नाही. तो गेला तर मी उद्या घरीच बसेन.

सोमवार, १९ ऑक्टोबर

कारखान्यात रजा टाकली. मी, आत्या आणि चिक्कप्पा अकरा वाजता कचेरीत पोचलो. आत्याला जाळीबाहेर उभं ठेवत होते. मी खुर्ची उचलून जाळीबाहेर नेली आणि तिला बसवलं. कुणी अडवलं नाही.

नोटरीसमोर आत्याचा अंगठा झाला. सात पत्रं जोडली. भीमाचार्यांनी कानडीत चार ओळी लिहून दिल्या होत्या: दहन झालं तेव्हा मृत्यूचा कुठलाही पुरावा मला दाखवला नव्हता. मी विचारलं, म्हणून त्यांनी दिलं.

हेडक्लार्कांनी सगळं दोनदा वाचलं, आत जाऊन आले. चौकशी होईपर्यंत चिक्कप्पांना तीन महिने मुदत. नोकरीची तात्पुरती परवानगी, राजाजीनगरच्या कारखान्याचं नाव घालून. चिक्कप्पांनी कागद हातात घेतला आणि कापडाचा पोत पाहावा तसा दोन बोटांत धरून राहिले.

"अम्मा," हेडक्लार्क मला म्हणाले, "खोट्या माहितीबद्दलचं निवेदन वेगळं जातं. वरच्या कचेरीत. ते ज्याला लिहिता-वाचता येतं त्यानं द्यावं लागतं. दिलं नाहीत तर ही मुदत पुढे वाढणार नाही. विचार करून उद्या या."

मी म्हटलं, विचार झाला आहे. फॉर्म तिथंच मागितला. चिक्कप्पा म्हणाले, "पुट्टी, नको." आत्यानं उठून स्वतःची खुर्ची मला दिली.

खोटी माहिती देणाऱ्याचं नाव, पत्ता, धंदा, म्हणजे अप्पांचं सगळं भरलं. मागची खोली विकून माझं शिक्षण झालं, हेही शेवटी लिहिलं. कुणी विचारलं नव्हतं. शेवटचा रकाना होता: निवेदन देणाऱ्याचं सदर इसमाशी नातं.

मुलगी, असं लिहिलं, आणि सही करून कागद जाळीतून आत सरकवला.